निघोज्याची पाटी आणि नऊ गुण

गाडी विकायची असं आमच्या मालकांनी ठरवलं आणि त्यातूनच ही फेरी निघाली. मालक म्हणजे आमचे हे. पिंपरीत मोटारी दुरुस्त करायची शेड आहे त्यांची. मागं जॅक निसटला आणि डावा गुडघा गेला. तेव्हापासून पाय वाकत नाही आणि क्लच दाबता येत नाही. दारात आमची काळी गाडी, एका गोऱ्या साहेबानं देश सोडताना विकलेली. भाड्यानं चालायची. लग्नाची वऱ्हाडं, आळंदीला जाणारे, दवाखान्याचे पेशंट. ती नुसतीच उभी राहायला लागली म्हणून मी शिकले. पुण्याला जाऊन साहेबापुढं गाडी मागं-पुढं करून दाखवली, लायसन आणलं. पण उतारू यायचे, गाडीभोवती फिरायचे आणि विचारायचे, "डायव्हर कुठं गेला?" मी म्हणायचे, "हा काय, तुमच्यापुढं उभा आहे." मग त्यांना एकदम काहीतरी काम आठवायचं.

खेडच्या एका व्यापाऱ्यानं गाडी मागितली. मालक तयार झाले. मी नाही झाले.

चिंचवडला मोटारवाल्यांचा क्लब आहे. डॉक्टर, ठेकेदार, कारखान्याचे साहेब असे लोक. त्यांच्या गाड्या आमच्याच शेडमध्ये येतात. त्यांनी पाट्यांच्या फोटोंचा कार्यक्रम काढला. नऊ गुण मिळवील त्याला पितळी बिल्ला, गाडीच्या नाकावर लावायला, आणि क्लबात डायव्हर म्हणून नाव. मालक म्हणाले, "तू बिल्ला आण. बिल्ला बघून लोक बसतील, मग गाडी राहील. नाही आणलास तर पुढच्या बाजाराच्या दिवशी खेडवाला गाडी घेऊन जाईल. मग माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत."

म्हटलं, ठरलं.

आता नियम सांगते, कारण क्लबाच्या सेक्रेटरीसाहेबांनी हे लिहायला सांगितलं ते त्याचसाठी. गावाच्या नावाची पाटी लोकल बोर्डानं रोवलेली असते, तिच्यापाशी गाडी न्यायची. फोटोत पाटी, गाडीचा नंबर आणि जो चालवतो तो माणूस, तिन्ही दिसले पाहिजेत. दुसरं माणूस फोटोत नको. खडीच्या रस्त्यावरच्या पाटीला एक गुण, गाडीवाटेनं आत जावं लागतं तिथल्या पाटीला दोन. पाटीला हात लावायचा नाही, पुसायचीसुद्धा नाही. क्लब एकच रोल देतो, त्यात आठ फोटो निघतात. रोल उघडायचा नाही. शनिवारी दुपारी निघायचं, रविवारी दिवस मावळायच्या आत रोल सेक्रेटरींच्या हातात. निघताना गाडीत जे असतील तेच परत येताना असायचे, वाटेत कोणाला घ्यायचं नाही. कॅमेरा क्लबाचाच, डबा कॅमेरा. तो मालकांकडं दिला. गुडघा गेला तरी बोटं शाबूत आहेत.

शनिवारी आधी पवना ओलांडून रहाटणी. तुम्ही जाणार असाल तर नदीत उतरायच्या आधी थांबून कोणी बैलगाडीवाला कुठून जातो ते बघा आणि त्याच्याच चाकोरीतून जा. पाणी आत्ता घोट्याएवढंच आहे, पण खाली गोटे गोल आहेत. मालक म्हणाले, "हळू घे." मी म्हटलं, "हळू घेतलं तर मधेच बंद पडेल." ते म्हणाले, "मग जोरात घे." मी म्हटलं, "तुम्ही नुसता कॅमेरा धरा." पलीकडं गेलो. रहाटणीची पाटी बोरीच्या झाडाखाली, तिच्यावर कोणीतरी घोंगडं वाळत घातलेलं. घोंगडं काढलं तर पाटीला हात लागणार, न काढलं तर नाव दिसणार नाही. घोंगड्याचा धनी शेतात होता. त्याला हाक मारून मारून घसा बसला, तेव्हा तो आला.

"काय पायजे?"

"तुमचं घोंगडं काढा."

"का? तुमाला बी वाळत घालायचंय व्हय?"

काढलं बिचाऱ्यानं. दोन गुण. तिथून ताथवडे. वाट धुळीची, पण गाव खडीला लागून आहे म्हणून एकच गुण. गावाआधी एक ओढा आहे, त्याच्या डाव्या अंगानं जा, उजवीकडं चिखल असतो. तिथं काही घडलं नाही. फोटो काढला आणि घरी येऊन पडलो.

रविवारी तांबडं फुटताच भोसरी. पिंपरीहून निघताना तो नवा औषधाचा कारखाना उठतोय, तिथं विटांच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला असतो, म्हणून लवकर निघा. भोसरी पैलवानांचं गाव. पाटीपाशी गाडी लावली, मी उभी राहिले, आणि मालकांनी खटका दाबला त्याच क्षणी एक पैलवान तालमीतून आला तसाच पाटीपुढं छाती काढून उभा. अंगावर माती तशीच.

"अहो, बाजूला व्हा!"

"काढा की, काढा. आमचा बी यिऊ द्या एक."

"आला तुमचा. आता आमचा काढू द्या."

त्याला वाटलं मी अपमान केला. केलाच होता. एक फोटो वाया गेला. दुसरा काढला, तेव्हा तो कडेला उभा राहून पुटपुटत होता, "बाया मोटारी चालवाया लागल्या, आन् आमालाच बाजूला व्हा म्हनत्यात." मालक त्याला म्हणाले, "राव, मला तर रोजच म्हणती." त्यावर हसला, आणि हँडल मारून त्यानंच गाडी चालू करून दिली. एका हातानं.

मोशीला इंद्रायणीचा पूल येतो, त्याच्या अलीकडं पाटी. थांबायचं काम नाही, गाडीतून उतरा, उभे राहा, निघा. एक गुण. चाकणला मात्र वेळ ठेवा. बाजार नव्हता तरी कांद्याच्या गोण्या रस्त्यावर रचलेल्या, आणि बैल सोडून गाड्या अशा लावलेल्या की पाटीपर्यंत पोचायलाच भोंगा दाबून दाबून रबर गरम झालं. किल्ल्याच्या खंदकापाशी एका हॉटेलात भजी खाल्ली. एका आण्याला पुडाभर, तेल जुनं. चहा बरा होता. तिथं पाणी भरून घ्या, पुढं विहिरी आहेत पण पोहरा तुमचा तुम्हाला आणावा लागतो. चाकणचा एक गुण, मग तळेगावच्या रस्त्यानं म्हाळुंगे, तिथला एक. सात गुण झाले, रोलमध्ये एक फोटो उरला. दोन गुण हवे होते आणि म्हाळुंग्याहून गाडीवाटेनं निघोजे जवळ. निघोजे माझं माहेर. मी मुद्दामच ते शेवटी ठेवलं होतं, म्हटलं जेवणही होईल.

आणि इथंच माझी चूक झाली. आदल्या आठवड्यात चाकणला कांदा घेऊन आलेल्या एका गाडीवानापाशी मी माझ्या धाकट्या भावाला, नामदेवला, निरोप धाडला होता: "रविवारी गावाच्या पाटीचा फोटो काढायला येते."

गाडीवाट वाईट आहे. दोन्ही बाजूला ज्वारी उभी, मधे उंचवटा, चाकं चाकोरीत बसली की गाडीचं पोट घासतं. एक चाक उंचवट्यावर आणि एक कडेला असं चालवा. शिवेपाशी बाभूळ आहे, तिच्या बाजूला पाटी असायची. बाभूळ दिसली. पाटी दिसली नाही.

मी गाडी थांबवली. मालक म्हणाले, "तुझं गाव गेलं वाटतं."

सरळ भावाच्या घरी गेलो. ओट्यावर रांगोळी काढलेली. दाराला आंब्याची पानं. आणि ओट्याच्या भिंतीला टेकून निघोज्याची पाटी उभी, खांबासकट. चिंच आणि राख लावून घासलेली, खोबरेल चोळलेलं, झेंडूचा हार घातलेला. बाजूला पाट मांडला होता, माझ्यासाठी.

नामदेव पुढं आला. "आक्का, आली व्हय? बस, बस. आदी जेव, मंग सावलीत बसून फोटू काढ."

"पाटी इथं कशी आली?"

"आनली की. चौगांनी उचलून आनली. तू उन्हात रस्त्याव उबी ऱ्हानार व्हय? गावची लेक तू. लोक काय म्हनतील आमाला!"

वैनी म्हणाली, "म्या सोता घासली. नाव कसं लख्ख दिसतंय बगा."

दिसत होतं. लोकल बोर्डानं रोवली त्या दिवशीही ती पाटी एवढी लख्ख नसेल. मी नामदेवला एवढ्या मोठ्यानं बोलले की शेजारची कोंबडी उडाली. म्हटलं, पाटीला हात लावायचा नाही असा नियम आहे, तू तर तिला घरी पाहुणचाराला आणलीस. तो म्हणाला, "मंग? पावनी हाय ती. तुज्यासाटी आली."

मालक माझ्या कानाशी आले. "हे बघ. गाडी ओट्यापुढं लाव. हार काढू. पाटी, नंबर, तू. मागं नुसती भिंत येईल. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"तू काय क्लब आहेस?"

दुसरं गाव शोधायला दिवस पुरला नसता, आणि ओट्यावर फोटो काढला तर तो ओट्याचा फोटो झाला असता. म्हटलं, पाटी होती तिथं परत रोवायची, मग फोटो. नामदेव रुसला, पण पाटी गाडीच्या टपावर बांधायला त्यानंच दोर आणला. जेवण तसंच राहिलं. वैनीनं भाकरीत मटकीची उसळ घालून गुंडाळून दिली. चार माणसं गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पाय ठेवायच्या फळ्यांवर उभी राहिली, पाटी धरायला; आत कोणाला घेतलं नाही. नामदेव आणि वैनी मागून चालत, अशी वरात काढून मी शिवेपर्यंत गाडी नेली, एक चाक उंचवट्यावर, एक कडेला. कोणी पडलं नाही.

बाभळीपाशी उतरलो. खड्डा नव्हता. वासराचा पाय मोडेल म्हणून नामदेवनं तो बुजवून वर पालापाचोळा टाकला होता. आणि तिथं गणपा उभा होता. गणपाचं शेत नामदेवच्या शेताला लागून, मधे बांध. त्या बांधावरून दोघांचं कधीच पटलं नाही.

नामदेव बाभळीच्या पलीकडं जाऊन टाच आपटून म्हणाला, "हितं हुती."

गणपा म्हणाला, "तितं? नामदेवा, उन लागलं का तुला? अलीकडं हुती. बाभळीच्या अलीकडं. तुज्या वावराच्या कडंला."

"तुजी पाटी हाय का?"

"पाटी सरकारची हाय. पन बांध माजा हाय."

तुम्ही गावाकडचे नसाल तर सांगते. पाटी बांधावर होती, म्हणजे पाटी ती हद्द. पलीकडं रोवली तर बांध गणपाच्या शेतात जातो, अलीकडं रोवली तर नामदेवच्या. हातभर जागेचा प्रश्न. त्यावर हे दोघं दिवस मावळेपर्यंत भांडले असते आणि मी तिथंच उभी राहिले असते.

नामदेव मला म्हणाला, "आक्का, तू सांग. तू ल्हान असल्यापासनं बघतीस."

"मी लहान असताना पाटीच नव्हती."

"तरी बी. भाऊ कोन हाय तुजा?"

मी गाडीचं हँडल काढलं, ते ज्यानं इंजिन फिरवतात ते. जुनी जमीन आणि कालपरवा बुजवलेला खड्डा वेगळा लागतो. पलीकडं, नामदेवनं टाच आपटली तिथं हँडल रोवलं. खटकन वाजलं, बोटभरही गेलं नाही. दोन-तीन ठिकाणी बघितलं, तेच. मग बाभळीच्या अलीकडं आले. तिथं हँडल खचकन मुठीपर्यंत आत गेलं.

"इथं," मी म्हटलं.

नामदेव म्हणाला, "माहेरच्या वाटंव येऊन माजाच बांध खाल्ला." आणि बसला जाऊन ज्वारीच्या कडेला. पाटी बाकीच्यांनी रोवली, माती गणपानं दाबली. मी हार काढून वैनीला दिला. गाडी लावली, उभी राहिले. ऊन तिरपं झालं होतं, मालकांनी मला दोनदा इकडं-तिकडं सरकवलं, सावली नावावर पडत होती. खटका वाजला. आठवा फोटो.

गणपानं विचारलं, "पिंपरीला जाताव का? मला बी यायचंय, सोडताल का?"

"वाटेत माणूस घ्यायचं नाही, नियम आहे."

"लई नियम हायेत तुमचे."

"आहेत," म्हटलं आणि निघाले. कुरुळीवरून नाशिक रस्त्याला लागलो. तो तुकडा तुम्हाला उतरताना सोपा वाटेल, पण खडी सुटी आहे, ब्रेक हळू लावा. गाडीत मालक आणि मी भाकरी खाल्ली. मी एका हातानं. मोशीच्या पुढं ते म्हणाले, "विचारलं तर पाटीचं काही बोलू नकोस."

"का?"

"तू बोलशील म्हणून सांगतोय."

चिंचवडला पोचलो तेव्हा उजेड होता. क्लबाचे लोक अंगणात खुर्च्या टाकून बसले होते. सेक्रेटरीसाहेब जाडसर, चांगला माणूस, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकणार नाही. रोल घेतला आणि सगळ्यांना विचारतात तसं मलाही विचारलं, "बाई, कुठल्या पाटीला हात लावला का?"

खोटं बोलायचं म्हणजे कोणाला काय सांगितलं ते पुढं जन्मभर ध्यानात ठेवायचं. एवढी सवड मला नाही. म्हटलं, "सहांना नाही. सातवी माझ्या भावानं उपटून घरी नेली होती, धुतली, हार घातला. आम्ही ती परत होती तिथं रोवली."

अंगणातले सगळे एकदम हसले. डॉक्टर तर खुर्चीतून पडायचे राहिले. सेक्रेटरी हसले नाहीत. म्हणाले, "होती तिथंच?"

"हँडल खचकन गेलं तिथं."

"पण हात लागला."

"लागला की. हात न लावता कशी रोवणार?"

त्यांनी डोळे चोळले. "बाई, मग ते दोन गुण देता येत नाहीत. सात होतात."

मालकांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दारात गाडी बंद केली तेव्हा एवढंच म्हणाले, "बाजाराच्या दिवशी खेडवाला सकाळीच येईल. गाडी पुसून ठेव." मी पुसली. चिखल वाळला होता, खरवडून काढावा लागला.

बाजाराच्या दिवशी सकाळी दार वाजलं. मी म्हटलं खेडवालाच. तर गणपा. निघोज्याहून चालत आलेला, हातात काठी, डोक्याला नवं मुंडासं.

"आक्का, गाडी मोकळी हाय का?"

"कशाला?"

"लेक ताथवड्याला दिलीया. दिवस भरत आल्यात, माहेरी आनायचीय. बैलगाडीत हाडं मोडत्यात तिची. मोटार बगितली हुती, पन डायव्हर बाप्या. पोरगी अवघडल्याली, तिला मागं आडवं पडायचं, पाय पसरायचं, बाप्यापुढं लाजंल. बाईमानूस चालवनार आसंल तर बरं." मग काठीकडं बघत म्हणाला, "आन् सख्ख्या भावाच्या इरुध जाऊन बांध दाखवला तू. पोरीला मधेच कुटं सोडून न्हाई जायाची."

मी आत जाऊन मालकांना सांगितलं. ते आडवे पडले होते. म्हणाले, "खेडवाला यायचाय."

"येऊ दे," म्हटलं. "तो थांबेल, गणपाच्या पोरीला थांबता यायचं नाही."

ताथवड्याच्या ओढ्याला डाव्या अंगानं गेले. येताना पोरगी मागं आडवी. गणपा पुढं माझ्याशेजारी बसून सगळ्या वाटेनं मला गाडी चालवायला शिकवत होता. "आता वळीव. आता न्हाई, आता. आगं हळू." जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसला होता. दोनदा गप्प बसायला सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायचा कंटाळा आला. निघोज्यात लेकीला उतरवलं तेव्हा शेजारच्या दोन घरच्या बाया येऊन गाडीभोवती फिरल्या, आत वाकून बघितलं. डायव्हर कुठाय असं कोणी विचारलं नाही. एकीनं विचारलं, "आक्का, पुढल्या म्हयन्यात रिकामी हाय का?"

नामदेव घरातच होता, बाहेर आला नाही. अजूनही बोलत नाही. वैनी बोलते, पण तीही कुंपणाच्या पलीकडूनच. तो बांध आता पाटीपाशीच आहे आणि तिथंच राहणार. मला त्याचं वाईट वाटतं, पण हँडल दुसरीकडं गेलंच नाही, मी काय करू.

सात गुण ते सातच. सेक्रेटरी म्हणाले पुढच्या वर्षी नव्यानं सुरू करा. बघू. तुम्ही जाणार असाल तर जा, फेरी चांगली आहे, एका टाकीत होते. फक्त पाव्हण्यांच्या गावी आधी कळवू नका.

त्या दिवशी गणपाच्या लेकीला सोडून घरी आले तेव्हा दिवस कलला होता. मालक शेडच्या दारात स्टुलावर पाय लांब करून बसले होते. मी गाडी आत घेतली, बंद केली, उतरले.

"खेडवाला आला होता," ते म्हणाले.

"मग?"

"म्हटलं, गाडी भाड्यानं गेलीय."

"आणि?"

"आणि काय. म्हणाला, डायव्हर मिळाला वाटतं. म्हटलं, होय."